एक कणी कमी

अख्ख्या बुलढाणा जिल्ह्यात जमिनीच्या वर असलेल्या खाणीचा मालक एकच, आणि तो म्हणजे माझ्या मावशीचा नवरा. खामगावच्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये फिटर म्हणून जन्म काढल्यावर मावसाजींच्या लक्षात आलं, की गावाच्या माळ्यांवर, कपाटांत, भंगारवाल्याच्या पोत्यांत एक खाण पसरलेली आहे आणि लोक तिच्यावर निवांत झोपले आहेत. बंद मोबाइल त्यांना बंद दिसतच नसे. तो कानाशी हलवत, डोळे मिटत ते म्हणत, "तांबं हाये, चुंबक हाये. लई दुरून आलं रे हे, कोन्या देशाच्या डोंगरातून. अन् आपन याले कचऱ्यात फेकून राह्यलो!" असं बोलता बोलता ते त्या डोंगरावर पोचलेले असत आणि पुढ्यातला चहा निवून जाई.

कॉलेजसाठी मी देऊळघाटहून त्यांच्याकडे राहायला आलो. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला, तेही रसायनशास्त्र घेऊन, त्यामुळे मान जरा ताठच होती. मावसाजींनी ती पहिल्याच आठवड्यात वाकवली.

"मोबाइल थरथरते ते कायच्यानं, सांग बे सायन्सवाल्या."

मी पुस्तकाचं पान शोधायला लागलो. त्यांनी चिमट्यानं एक इवलीशी मोटर उघडली आणि तिच्यातली तांदळाच्या कणीएवढी कणी माझ्या तळहातावर ठेवली. "टंगस्टन. हे फिरते म्हनून ते थरथरते." कणी दिसायला एवढीशी, पण हाताला भलतीच जड लागली. अशा कण्यांनी लोणच्याची बरणी गळ्यापर्यंत भरायची, हे त्यांचं स्वप्न होतं. भरल्यावर काय, हे त्यांना कुणी विचारलं नाही आणि त्यांनाही ते सुचलं नसावं.

पुतण्यासाठी मुलगी पाहून आल्यावर मावशीनं विचारलं, "कशी हाये पोरगी?" तर म्हणाले, "लोकं दिलदार हायेत. बिघडलेले चार रिमोट देले." खिशात कायम हार्ड डिस्कमधलं चुंबक. एका पंगतीत वाढप्याची पळी त्या खिशाला चिकटली. पाहुणा पळी सोडत नाही म्हणून त्यानं तीनदा वरण वाढलं, आणि मावसाजींनी ते मुकाट्यानं खाल्लं.

मावशी हे सगळं हसून चालवून घ्यायची. मग तिला ऐकू येईनासं झालं. चैत्रातल्या एका दुपारी मावसाजी तासभर दार ठोकत उन्हात उभे होते आणि ही आत गहू निवडत होती. खिडकीतून त्यांचा घामेजलेला चेहरा दिसला तेव्हा ती रडली. त्यानंतर मावसाजी बाहेर गेले, की ती दाराकडे तोंड करून बसायची. देऊळ सुटलं, शेजारणी सुटल्या, दुपारची डुलकीही सुटली. कानाचं मशीन आणलं, ते तिनं दोन दिवसांत काढून ठेवलं. "डोक्यात जिनिंग चालू झाली माह्या," म्हणाली.

आठ दिवस मावसाजींनी एकही मोबाइल उघडला नाही. नवव्या दिवशी जुन्या घड्याळाचा पट्टा त्यांनी मावशीच्या मनगटावर बांधला. त्यात मोबाइलमधली एक थरथरणारी मोटर बसवली होती. कणीसाठी ती तेवढी त्यांनी फोडली नव्हती. कुणीतरी टाकून दिलेल्या बिनतारी बेलचं बटण दाराबाहेर लावलं आणि बाहेर जाऊन ते दाबलं.

"अव माय! मुंगळा चावला का काय!" असं ओरडत मावशी उठली आणि तिनं सरळ जाऊन दार उघडलं. त्या दुपारी ती गाढ झोपली.

मी आता बुलढाण्यात मास्तर आहे. सुटीत जातो. मावसाजी थकलेत, बाहेर फारसे जात नाहीत. दाराचं बटण काढून त्यांनी खिशात ठेवलंय. ओट्यावर डोळे मिटून बसतात.

परवा मी विचारलं, "मावसाजी, बरणी भरली का?"

"एक कनी कमी हाये बे."

"मग आणू का एखादा जुना मोबाइल?"

त्यांनी नको म्हणून मान हलवली आणि खिशातलं बटण दाबलं. आत मावशीच्या भांड्यांचा आवाज थांबला.

"हाव, हाव, इथंच हाये मी!"

मावसाजींनी पुन्हा डोळे मिटले, आणि कुठल्याशा दूरच्या डोंगराकडे निघून गेले.