टिंडलकॉटांची देवडी

ऑफिसातले किस्से आता सांगायचे नाहीत असं मी ठरवते, आणि नेमके तेव्हाच ते एकामागून एक बाहेर पडतात. माळ्यावरचा एक डबा काढायला जावं आणि मागचे चार अंगावर यावेत, तसं! त्यातल्या एकाने गेल्या महिन्यात माझी झोपच उडवली. इंग्लंडातले एक ब्याऐंशी वर्षांचे गृहस्थ मुलं-नातवंडं घेऊन आपल्या पूर्वजांची हवेली बघायला निघाले होते. दिवस ठरला होता, शनिवार. हवेली मी शोधून दिली होती.

आणि ती हवेली नव्हती.

हे मला ठाऊक होतं, त्यांना नव्हतं. शनिवारच्या आत त्यांना सांगायचं, एवढंच काम होतं. पण मी कशी आहे ते कळायला आधी आमचं ऑफिस कळायला हवं.

*

आमचं ऑफिस हैदराबादेत, दिलसुखनगरला, एका कोचिंग सेंटरच्या वर. खाली मुलं फिजिक्सचे फॉर्म्युले घोकतात, वर आम्ही इंग्रजांची आडनावं शोधतो. हसू नका, खरंच असा धंदा आहे. तिकडचे लोक विचारतात, ‘आमचं आडनाव आलं कुठून?’ मग आम्ही चर्चची जुनी रजिस्टरं आणि शंभर-दीडशे वर्षांपूर्वीच्या शिरगणत्या चाळतो आणि नकाशावर लाल ठिपके लावून देतो. इथे दाट, इथे विरळ, इथे बहुधा उगम.

मी बीएस्सी, मायक्रोबायोलॉजी. अनू झाली, तीन वर्षं घरी बसले, मग इथे टायपिंगला लागले. वर्षभरात आमच्या टीम लीडने, स्वप्नाने, माझा फोटो वेबसाइटवर टाकला. खाली लिहिलं, ‘सीनियर फॅमिली हिस्टोरियन’!

मी घाबरले. म्हटलं, "स्वप्ना, मला इंग्लंडचा इतिहास येत नाही गं."

"नक्शा बनाना आता ना, अक्का?"

"तेही गेल्याच आठवड्यात शिकले."

"बस, फिर! बाकी लोगां को वो भी नहीं आता."

माझ्या पहिल्या नकाशात सगळ्यांत दाट ठिपका समुद्रात पडला होता. क्लायंटने फाइव्ह स्टार दिले. लिहिलं, ‘वाटलंच होतं, आम्ही खलाशी असणार!’

मी दुरुस्त केलं का? नाही.

*

आमच्यात सगळ्यांत जुने खाजाभाई. कुणालाच लागत नाही ते अक्षर त्यांच्याकडे जातं. वडील कोर्टाबाहेर बसून लोकांचे अर्ज लिहून देणारे अर्जनवीस. त्यांचं घसटं, भराभर खरडलेलं उर्दू वाचतच ते लहानाचे मोठे झाले. पाद्र्यांचं इंग्रजी त्यांना छापल्यासारखं दिसतं. एकदा त्यांनी दोन पानं शेजारी ठेवली आणि सांगितलं, "ये वाला पादरी साब पी के लिखे. ये वाला, उतरने के बाद."

तपासलं, तर दोन्ही एकाच माणसाची!

फक्त दफनाची रजिस्टरं आली की खाजाभाईंचा स्पीड निम्मा होतो. प्रत्येक नावापाशी थांबून ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटतात, मग पुढचं नाव. एका दुपारी स्वप्ना वैतागली. "खाजाभाई, टार्गेट!"

खाजाभाईंनी स्क्रीनवरून नजरही हटवली नाही. "अम्मा, एकीच घर के चार बच्चे गए, एक हफ्ते में. उनकू बोलूं क्या, टार्गेट है, जल्दी जल्दी चलो?"

त्या दिवशी पुन्हा कुणी टार्गेटचं नाव काढलं नाही. मी त्याच रजिस्टरमधली एकशे ऐंशी नावं भरून मोकळी झाले होते. शाबासकीही मिळाली. घरी जाताना बसमध्ये त्यातलं एक तरी नाव आठवतंय का बघितलं. एकही नाही.

*

आता टिंडलकॉट.

आम्ही आधी एक फुकट सारांश पाठवतो. लोकांना चव लागली की ते पूर्ण रिपोर्ट घेतात. या आडनावाचा सारांश मी दहा मिनिटांत उरकला. ‘अत्यंत दुर्मिळ. एका खेड्याच्या नावावरून पडलेलं असावं. सध्या नामशेष.’

दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. एकच ओळ. ‘मॅडम, मी आत्ताच नाश्ता केला.’ खाली सही, टिंडलकॉट!

मी टेबलाखाली जायचं तेवढं बाकी राहिलं. पुढे आठवडाभर खाजाभाई रोज सकाळी आल्या आल्या विचारायचे, "मॅडम, आपके मरहूम का नाश्ता हुआ?" मरहूम म्हणजे कैलासवासी!

मी लांबलचक माफी मागितली. टिंडलकॉटसाहेबांनी लिहिलं, ‘तुमची फारशी चूक नाही. जगात आम्ही अकराच उरलोत आणि सगळे माझ्याच ख्रिसमसच्या टेबलावर मावतो.’ त्यांना आजीने वाढवलं होतं. आपण मूळचे कुठले, असं विचारलं की आजी उठून बटाटे सोलायला बसायची. ‘नातवंडं आता मला विचारतात आणि मला तर बटाटेही नीट सोलता येत नाहीत,’ असं लिहून त्यांनी पूर्ण रिपोर्ट मागवला.

अशा माणसाचं काम मन लावून करायचं, असं मी ठरवलं. माझं मन लावणं म्हणजे काय, ते पुढे आहे.

*

आमच्याकडे शिरगणतीचं पान अख्खं वाचत नाहीत. कॉम्प्युटर त्याच्या उभ्या पट्ट्या करतो. एकाला नावांची पट्टी, एकाला वयांची, एकाला धंद्याची. काम भराभर होतं. पूर्ण पान बघायचं असेल तर एक बटण आहे. एक क्लिक.

माझ्या पट्टीत सात टिंडलकॉट निघाले. अख्ख्या देशात दुसरीकडे कुठेच नाहीत. एका गावात, एकाच छपराखाली सात! आणि त्याच घराच्या नंबरावर आणखी दोनशे माणसं, वेगवेगळ्या आडनावांची.

मी ओरडलेच, "खाजाभाई, एका घरात दोनशे माणसं?"

खाजाभाईंनी चष्मा कपाळावर चढवला. "देवडी है, मॅडम!"

आमच्या हैदराबादेत जुन्या अमीर-उमरावांच्या हवेलीला देवडी म्हणतात. खाजाभाई बोटं दुमडत मोजायला लागले. "नवाब साब, बेगमां, उनके भाइयां, बावर्ची, माली, हुक्का भरने वाला, और मुफ्त का खाने वाले अलग. दो सौ तो कम हुए!"

मला लगेच पटलं. इथे वाढलेल्या कुणालाही पटलं असतं, असं मी अजून स्वतःला सांगते. मग मी काय लिहिलं, तर ‘आपलं घराणं दोनशे आश्रितांना पोसणारं होतं.’ इंग्रजीत तर ते आणखीच भारदस्त वाटत होतं. इमारत अजून उभी आहे असं नेटवर दिसलं. लांबच लांब, दगडी, असंख्य खिडक्यांची. तिचा फोटोही जोडला.

टिंडलकॉटसाहेबांचं उत्तर आलं, ‘आजी नेहमी ताठ चालायची. आता कळलं का ते.’

वाचून मला रडू आलं. ऑफिसात सगळ्यांना दाखवलं.

महिन्याभराने कुरियरने एक मग आला. त्यावर त्या इमारतीचा फोटो आणि खाली सोनेरी अक्षरांत त्यांचं आडनाव. चिठ्ठी होती, ‘अकरा घरच्यांसाठी, बारावा तुमच्यासाठी.’

*

पुढे एक नवी मुलगी कामाला लागली. तिला शिकवायचं तर आपलं चांगलं काम दाखवावं, म्हणून मी टिंडलकॉट उघडले. "आणि हे बघ, शंका आली तर पूर्ण पान असं उघडायचं," असं म्हणून ऐटीत ते बटण दाबलं. या फाइलवर पहिल्यांदाच!

पानाच्या डोक्यावर त्या घराचं नाव होतं. वर्कहाउस. ज्यांच्याजवळ काहीच उरलेलं नाही अशांना ठेवायची सरकारी जागा. नवरा एका भागात, बायको दुसऱ्या, मुलं तिसऱ्याच. दिवसभर दगड फोडायचे, दोरखंड उसवायचे आणि पातळ पेज प्यायची. दोनशेच्या दोनशे माणसं तसलीच. सातही टिंडलकॉट त्यांतलेच. धाकटी चार वर्षांची. माझी अनू तिच्याहून दोन वर्षांनी मोठी.

नवी मुलगी भाबडेपणाने म्हणाली, "मॅडम, हा रिपोर्ट पाठवला नाही ना अजून?"

मी म्हटलं, "चल, चहा घेऊ."

चहा त्याच मगमध्ये आला.

स्वप्नाला सांगितलं, तर ती म्हणाली, "वदिलेय् अक्का, सोड ना! फाइल क्लोज, कस्टमर हॅपी. सांगून त्या म्हाताऱ्याचं काय भलं करणार तू?" खाजाभाई दोन दिवस माझ्याकडे बघेनात. तिसऱ्या दिवशी हळूच म्हणाले, "ज़बान तो मेरी थी, मॅडम."

"क्लिक माझा होता, भाई," मी म्हटलं. "केलाच नाही मी तो."

तेवढ्यात टिंडलकॉटसाहेबांचा मेल. ‘शनिवारी आम्ही अकराच्या अकरा देवडी बघायला जातोय!’ खाजाभाईंचा शब्द मी हौसेने रिपोर्टमध्ये घातला होता ना, तो त्यांना फार आवडला होता.

मी उत्तर लिहायला घेतलं. ‘डिअर सर’ झालं. सोमवार ते शुक्रवार, आठ वेळा ‘डिअर सर’ झालं.

*

त्याच आठवड्यात अनूच्या शाळेत ‘माय रूट्स’ नावाचा प्रोजेक्ट निघाला. मी गौलीगुड्याला बाबांना फोन लावला. "बाबा, आपले आजोबा हैदराबादला का आले होते हो? अनूला लिहायचंय."

"शिक्षणासाठी," बाबा ताबडतोब म्हणाले. "लिही, उच्च शिक्षणासाठी."

आत्याने मला एकदा खरं सांगितलं होतं. नांदेडकडच्या खेड्यातून अनवाणी आलेलं पोर, शाळेसाठी गौलीगुड्यात राहिलं आणि वार लावून जेवलं. सोमवारी एकाच्या घरी, मंगळवारी दुसऱ्याच्या, अशी सात वारांना सात घरं. बुधवारचे लोक बरेचदा विसरायचे म्हणे. मग दाराशी थोडं थांबायचं आणि परत यायचं.

मी विचारलं, "वारांचं लिहू का, बाबा?"

पलीकडे कुकरची शिट्टी झाली. बाबांनी गॅस बंद केला. मग म्हणाले, "वहीत नको गं. तिच्या मैत्रिणी वाचतील."

नाही लिहिलं. उलट चार्ट पेपरवर फेटा बांधलेले, झुबकेदार मिशांचे पणजोबा काढून दिले. त्यांचा फोटोच नाही आमच्याकडे. मिशा होत्या की नव्हत्या, देव जाणे. टीचरने स्टार दिला.

दोन-दोन घराणी वर आणली मी. सीनियर हिस्टोरियन!

*

शनिवार. इथे आमच्याकडे दुपार कलत होती. चिक्कडपल्लीच्या घरी मी डाळ-तांदूळ भिजवत होते, अनू टेबलाशी चित्र रंगवत होती. व्हिडिओ कॉल वाजला. रिपोर्टबरोबर एक कॉल देतो आम्ही. तो त्यांनी नेमका या दिवसासाठी राखून ठेवला होता.

स्क्रीनवर टिंडलकॉटसाहेब. कोट, टाय, भांग पाडलेला. मागे दहा माणसं चांगल्या कपड्यांत, कुणाच्या हातात खाऊचा डबा, आणि त्यांच्याही मागे त्या खिडक्याच खिडक्या.

"मॅडम," ते म्हणाले, "तुम्हाला दाखवल्याशिवाय आत जायला मन होईना."

मी ओला हात ओढणीला पुसला आणि एका दमात सगळं बोलून टाकलं. की ही हवेली नाही. की ज्यांना कुणी नसायचं त्यांना इथे आणून ठेवायचे, आईला मुलापासून वेगळं ठेवायचे. की तुमची सात माणसं पोसणाऱ्यांतली नव्हती. की मला हे दहा दिवस माहीत होतं आणि माझी हिंमत झाली नाही.

ते हलले नाहीत, म्हणून मला वाटलं नेट गेलं.

मग त्यांनी विचारलं, "सातही?"

"सातही, सर."

"सगळ्यांत लहान?"

"चार वर्षांची."

अनूचा खडू थांबलेला मला ऐकू आला. साहेबांनी टायची गाठ उगाच नीट केली आणि वळून त्या खिडक्यांकडे बघितलं. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, सावकाश. तेवढ्यात मागून त्यांची नात ओरडली, "ग्रँपा, गेट उघडलं! चला ना आत!" आणि ते, फोन तसाच हातात धरून, गेटच्या दिशेने निघाले.

इथल्या मुलांसारखीच अनूही दिसेल त्या म्हाताऱ्याला तेलुगूतला ‘ताता’, म्हणजे आजोबा, म्हणते. माझ्या कोपराखालून डोकं घालून ती स्क्रीनला जवळजवळ चिकटली आणि शाळेतल्या इंग्रजीत जिवाच्या आकांताने ओरडली,

"ताता, आत जाऊ नका! ते ठेवून घेतील!"