हवापेटी आणि पाडव्याची म्हैस

बारावीच्या वर्गाला विस्पंद शिकवायचे असले की मी दरवर्षी फळ्यावर दोन लाटा काढते, एक जरा दाट, एक जरा विरळ. दोन जवळजवळ सारखी कंपनं एकमेकांत मिसळली की तिसराच एक सूर निघतो, असं सांगते. मुलं ते वहीत उतरवून घेतात आणि डोळे मिटायला लागतात. त्या वर्षी गणपती झाल्यावरच्या एका रविवारी मला वाटलं, यंदा हे मुलांना ऐकवावंच. घरात त्यातला जाणकार माणूस आयता बसलेला होता.

माझ्या सासऱ्यांना सगळे आबा म्हणतात. चाळीस वर्षं त्यांनी कोल्हापुरात लक्ष्मीपुरीत रेडिओ दुरुस्तीचं दुकान चालवलं. दुकान बंद केलं तेव्हा दुरुस्त होऊन पडलेले सोळा रेडिओ त्यांनी घरी आणून माळ्यावर रचले. त्यांचे मालक कधी न्यायलाच आले नव्हते. विकू का म्हटलं की आबा म्हणायचे, "लोकांचं हाय ते. येतील की." त्यानंतर दोन वर्षं त्यांनी टीव्हीवरच्या बातम्या बघण्याशिवाय काही केलं नव्हतं. माझं नि त्यांचं बोलणंही जेवलात का, गोळी घेतलीत का, एवढंच.

मी विचारलं, "आबा, दोन रेडिओंची एकमेकांत शीळ वाजते ना? तशी मुद्दाम वाजवता येईल?"

त्यांनी टीव्हीचा आवाज बंद केला. "मुद्दाम?" ते म्हणाले. "अगं पोरी, ती शीळ घालवायचंच काम केलं की मी जन्मभर. लोक शिव्या घालत यायचे तिच्या पायी."

पण अर्ध्या तासात तीन रेडिओ माळ्यावरून खाली आले होते. आबांनी ते शेजारी शेजारी ठेवले, दोन रेडिओंची मागची झाकणं काढली, बारीक स्क्रूड्रायव्हरनं काहीतरी जुळवलं आणि तिसऱ्यातून एकदम "कुईंऽऽ" असा आवाज निघाला. ते आणखी एक स्क्रू फिरवायला हात पुढे घेऊन गेले, तर शीळ वर चढली. हात मागे घेतला, खाली आली. हात कशालाच लागला नव्हता.

आबा हाताकडे बघत राहिले. मग त्यांनी हात परत पुढे नेला, हळूहळू, गाईच्या वासराला हात लावावा तसा. कुईंऽऽ वर. मागे, खाली. आणि ते हसायला लागले. मी लग्न होऊन या घरात आल्याला अठरा वर्षं झाली होती, पण आबांचे पुढचे दोन दात सोन्याचे आहेत हे मला त्या दिवशी कळलं.

मग मी त्यांना फोनवर दाखवलं की शंभर वर्षांमागे एका रशियन माणसानं याच शिळेचं वाद्य केलं होतं. एक उभी दांडी, एक आडवं कडं. दांडीजवळ हात नेला की सूर चढतो, कड्याजवळ दुसरा हात नेला की आवाज बारीक होतो. त्या काळच्या जुन्या चित्रफितीत एक बाई हवेत बोटं नाचवत होती आणि व्हायोलिनसारखा सूर निघत होता. आबा फोन नाकाला लावून बघत बसले. त्यांना हे एवढं पटलं की मी पुढचंही सांगितलं. अमेरिकेतल्या एका संगीतकारानं म्हणे बारा रेडिओ स्टेजवर ठेवले आणि चोवीस माणसांना त्यांची बटणं फिरवायला बसवलं. जे लागेल ते, बातम्या, खरखर, गाणं, तेच त्याचं संगीत.

"किती रेडिओ म्हटलीस?"

"बारा."

"आपल्याकडं सोळा हायत," आबा म्हणाले.

बारावीचा वर्ग बाजूलाच राहिला आणि पुढचे पंधरा दिवस आमच्या घरात माणसानं कसं वावरावं याचे नियमच बदलले. आबांनी स्वतःच्या एका जुन्या रेडिओच्या लाकडी पेटीत सगळं बसवलं. फ्रीज दुरुस्तीवाल्याकडून तांब्याची नळी आणून दांडी उभी केली, उरलेल्या नळीचं कडं केलं. त्या वाद्याचं खरं नाव आमच्यात कुणालाच धड म्हणता येईना, म्हणून आबांनी त्याला नाव दिलं हवापेटी. आणि हवापेटीला कुणी हललेलं खपत नसे. आबा डोळे मिटून सा शोधत उभे असायचे, तेवढ्यात नवरा भाजीची पिशवी घेऊन आत यायचा आणि सा सरकून रे व्हायचा.

"हलू नगंस!" आबा ओरडायचे.

"आबा, चप्पल तर काढू दे."

"भाईर काढ!"

मग आबांनी फरशीवर खडूनं खुणा केल्या. मी मोरीच्या दाराशी उभी राहिले की सूर एवढाच ढळतो, नवरा सोफ्यावर बसला की तेवढा. मी चहाचा कप खडूच्या रेघेवर ठेवून मागे सरायची. एकदा फोडणी टाकायला वाकले आणि बाहेरून आरडाओरडा आला, "आगं, पंचम लागला हुता आत्ता! परत वाक!" मी हातात पळी घेऊन परत वाकले. मोहरी जळाली. पंचम मात्र लागला.

आमच्या गल्लीत एक निवृत्त गायनमास्तर राहतात. त्यांनी शीळ ऐकली आणि एक दिवस मुद्दाम आले. खुर्चीत ताठ बसून त्यांनी दहा मिनिटं ऐकलं. आबांनी भूप वाजवायचा प्रयत्न केला, पण त्यात मांजर अडकल्यासारखं काहीतरी झालं.

"ह्याचा षड्ज कुठं आहे?" मास्तरांनी विचारलं.

आबा म्हणाले, "आत्ता हितं हुता."

मला ओढणी तोंडात कोंबून आत पळावं लागलं. पण मास्तर गेल्यावर आबांनी पेटी बंद केली. हात मांडीवर ठेवून बसले. मी म्हटलं, "आबा, ते अमेरिकेतले लोक राग वाजवत नव्हते. त्यांनी जे वाजतंय तेच घेतलं." आबांनी दांडी फडक्यानं पुसली. "व्हय," ते म्हणाले. "चाल बसत न्हाय तर न बसू दे. पर मग हिच्यावर वाजवायचं काय?"

दुसऱ्या दिवशी सकाळीच उत्तर मिळालं, आणि ते चार पायांवर चालत आलं.

मागच्या गल्लीत एक गवळीणबाई आहेत. त्या म्हैस घेऊन दारात येतात आणि समोर धार काढून देतात. त्या दिवशी मी पातेलं घेऊन बाहेर आले तेव्हा आत आबांची पेटी चालू होती. म्हशीनं कुतूहलानं मुंडी दारातून आत घातली. सूर गुरगुरत होता तो चढला, चढला, आणि म्हशीचं नाक दांडीच्या हातभर अंतरावर आलं तेव्हा असा काही किंचाळला की म्हैस दचकून मागे झाली. त्याबरोबर सूर धबकन खाली. म्हशीनं कान टवकारले. परत मुंडी आत. परत किंचाळी. चौथ्या वेळी ती दचकली नाही. ती मुद्दाम करत होती, हे मी शपथेवर सांगते.

गवळीणबाई चरवी हातात धरून उभ्याच. "आता ग बया! वैनी, आमच्या म्हशीला गाणं येतंय की ओ!"

"येतंय न्हवं," आबा आतून म्हणाले, "माझ्यापरीस बरं येतंय." आणि लगेच, "पाडव्याला तिला सजवून काढणार हायसा न्हवं तुमी?"

"व्हय की. दरवर्षी काढतो मी."

"मग माझ्या दारावरनं काढा."

दिवाळी पाडव्याला आमच्याकडे म्हशींचा दिवस असतो हे कोल्हापुरात कुणाला सांगायला नको. शिंगं रंगवतात, मोरपिसं लावतात, गळ्यात घुंगरांचे पट्टे. सायलेन्सर काढलेल्या मोटरसायकलच्या मागे म्हैस पळवतात. आबांनी त्या दिवसासाठी हवापेटीत एकच बदल केला. म्हैस काही रस्त्यावरून दांडीजवळ येणार नव्हती, म्हणून दांडीला एक लांब तार जोडली आणि ती ओट्यांच्या कठड्यांना बांधत गल्लीभर नेली. तारेनं पेटीचा सूर पार बिघडला. तो ताळ्यावर आणायला त्यांना दोन दिवस लागले. तरुण मंडळाचा स्पीकर नवऱ्यानं मागून आणला.

पाडव्याच्या सकाळी आठला मी आबांच्या शेजारी, तार बांधलेल्या कठड्यालगतच्या पायरीवर बसले होते. आबांनी ठेवणीतला सदरा घातला होता. बेत साधा होता. म्हैस गल्लीच्या तोंडाशी आली की सूर खाली, पळत जवळ आली की वर, निघून गेली की परत खाली. एवढंच संगीत. पण गवळीणबाईंनी सगळ्या पेठेत सांगून ठेवलं होतं की आपली म्हैस गाणार आहे. साडेआठपर्यंत गल्लीत मुंगी शिरायला जागा उरली नाही. आणि सगळी माणसं तारेला खेटून उभी.

आबांनी बटण दाबलं. स्पीकरमधून एक अशी कर्कश किंचाळी आली की पोरांनी कानात बोटं घातली. आबांनी सूर जुळवायची खुंटी फिरवली, किंचाळीच. दोन दिवस जुळवलेलं सगळं माणसांच्या गर्दीनं उधळून लावलं होतं. म्हैस गल्लीच्या तोंडाशी येऊन उभी होती. आबांचा चेहरा उतरला. मला वाटलं, आता हे आत जातील आणि टीव्ही लावतील.

मी उठून ओरडले. वर्गात ओरडते तशी. "मागे सरा! सगळे मागे सरा! दोन पावलं!"

गल्ली मागे सरली. दीडशे माणसं एकदम. आणि किंचाळी एका दमात खाली आली, विहिरीत बादली सुटल्यासारखी, घळघळत, आणि तळाला जाऊन घुमायला लागली.

सगळे स्पीकरकडे बघायला लागले. कुणाला कळेना काय झालं. मला आणि आबांना कळलं. आम्ही एकमेकांकडे बघितलं.

आबा खुर्चीवर चढले. दोन्ही हात वर केले. "पावणं! एक पाऊल म्होरं या!"

गल्ली पुढे आली. सूर वर चढला.

"मागं!"

खाली.

"नुसती डावी बाजू! उजवी हलू नगा!"

सूर मध्येच लोंबकळला आणि लोकांनी असा काही गलका केला की तोही त्यात मिसळला. आता कुणाला सांगावं लागेना. बायका फुगडीला सरकाव्यात तशा पुढे-मागे सरकायला लागल्या, पोरं उड्या मारायला लागली, प्रत्येक उडीला "पुईं पुईं" असा आवाज. समोरच्या दुकानदारानं पोट पुढे काढून आत घेतलं आणि ओरडला, "वाजतंय की! माझं प्वाट वाजतंय!" गायनमास्तर त्यांच्या दारातून बघत होते. ते पायरी उतरले, तारेजवळ आले, एक हात तारेच्या दिशेनं सावकाश लांबवला आणि कोण जाणे कसा, पण त्या सगळ्या गोंधळातून एक सूर क्षणभर स्थिर काढून दाखवला.

आणि तेवढ्यात मोटरसायकल सुटली. फटफटफट करत ती आली, तिच्या मागे घुंगरं वाजवत, निळी-लाल शिंगं, कपाळाला मोरपीस लावलेली म्हैस. गर्दी तारेपासून पलीकडच्या बाजूला सरकली, सूर खाली गेला, म्हैस आली तसा वर, वर, वर. आमच्या दारासमोर आली तेव्हा ती थांबली. मोटरसायकल तशीच पुढे गेली. म्हशीनं तारेकडे मुंडी नेली, आणि मागे घेतली, आणि नेली.

"गातीया!" गवळीणबाई ओरडल्या. "बगा, गातीया! मी खोटं बोललो का?"

मी परत पायरीवर बसले होते आणि हसत होते. पोट धरून, पदर डोळ्यांना लावून, सासऱ्यांसमोर, सगळ्या गल्लीसमोर. थांबताच येईना. आबा खुर्चीवरून मुलासारखे हातवारे करत होते आणि त्यांचे सोन्याचे दात उन्हात चमकत होते.

म्हैस गेल्यावरही लोक तासभर तिथून हलेनात. शेवटी मंडळाची पोरं स्पीकर न्यायला आली तेव्हा पांगापांग झाली.

दुपारी जेवणं झाली. आबांचा घसा बसला होता, शब्द फुटत नव्हता. त्यांनी खुणेनं माझी प्रयोगवही मागितली, आलेख कागद असलेली. मला वाटलं काही हिशेबाची आकडेमोड असेल. तासाभरानं बघितलं तर त्यांनी गल्ली काढली होती. वरून बघावी तशी. तार सरळ रेघेनं, माणसं ठिपक्यांनी, सूर खाली-वर जाणाऱ्या वळणानं. एका बाजूला चौकोनात मोटरसायकल, मोठ्या गोळ्यात म्हैस. मास्तरांचा तो एक सूर त्यांनी ठळक, आडव्या, अगदी सरळ रेघेनं काढला होता. मला माहीत होतं की परदेशातल्या तसल्या संगीतकारांनीही सारेगमच्या ऐवजी अशीच चित्रं काढलेली असतात. आबांना मी ते कधी सांगितलं नव्हतं.

पायरीच्या जागी बारीक बारीक दातेरी रेघ होती, करवतीसारखी, पानाच्या मध्यापासून शेवटापर्यंत.

"हे काय, आबा?"

"तू," आबा घोगऱ्या आवाजात म्हणाले. "तारंला टेकून हसत बसलतीस की. त्ये समदं वाजलं."