न दाखवलेलं रीळ

तापलेल्या यंत्राचा वास, तंबूच्या कापडाची ऊब आणि अंधाराला आरपार छेदत जाणारा, धूलिकणांनी भरलेला तो शुभ्र प्रकाशझोत! माकणीच्या जत्रेत फिरत्या टॉकीजचं यंत्र मी चालवत असे, तेव्हाचं हे दृश्य. एरवी किती सुखद वाटायची ही आठवण! गेले तीन दिवस मात्र तिच्यानं अंगावर काटा येतो.

चित्रपट जुना, कृष्णधवल. एका दिग्दर्शकाच्या उत्कर्षाचा आणि अधःपाताचा. शेवटच्या रिळात तो विस्मृत, विपन्न माणूस आपलाच चित्रपट लागलेल्या थिएटरापाशी येतो, दारवान त्याला ओळखत नाही, हुसकावून लावतो. आणि तो बाहेरच्या पायरीवर एकटाच बसून राहतो. माकणीकरांनी हे कधी पाहिलंच नाही. आमच्या तंबूचे मालक म्हणायचे, "जत्रंत रडारड नको. देवाच्या दारातनं माणूस हासत घरी गेला पायजे." मग त्या दिग्दर्शकाच्या सत्काराचे हारतुरे झाले की मी यंत्र थांबवायचो, झोतापुढं 'समाप्त' लिहिलेली काच लावायचो, आणि लोक खुशीत लोहाऱ्याच्या जिपा गाठायला पळायचे. शेवटचं रीळ डब्यातच राही. मला त्यात वावगं वाटत नसे, उलट पुण्यच वाटे.

पडद्यापुढं सतरंजीवर माझी मुलगी सुनंदा बसलेली असे. तीन दिवस तिनं तो सत्कार डोळे भरून पाहिला आणि चौथ्या दिवशी जाहीर केलं, आपण सिनेमा काढणार! आम्ही हसलो. पोरीचं खूळ, जाईल दोन दिवसांत, असं म्हटलं. खूळ गेलं नाही. तीच गेली, मुंबईला. वीस वर्षं दुसऱ्यांच्या हाताखाली राबली, आणि गेल्या शुक्रवारी तिचा स्वतःचा पहिला चित्रपट लागला. सोमवारी उतरला. तेव्हापासून तिचा फोन बंद.

भीती म्हणजे काय, ते मला या वयात कळलं. माकणीच्या धरणाच्या बाजूला फिरायला गेलो, तर ते एवढं पाणी बघवेना, तसाच माघारी आलो. अर्धीच गोष्ट दाखवून मीच तर तिला या वाटेला लावलं नाही ना? अपयश माणसाला कुठं नेऊन बसवतं, हे मला ठाऊक होतं. पोटच्या पोरीपासूनच मी ते झाकून ठेवलं!

आज दुपारी फोन वाजला. घाईघाईत उचलताना दोनदा चुकलो. तीच होती! मी रडत रडत सगळं कबूल करून टाकलं. ते रीळ, ती काच, माझं पाप. ती म्हणाली, "आण्णा, ते रीळ मी कालेजात असतानाच बघितलंय. तरी आले इथं."

सुटल्यासारखं वाटलं, पण क्षणभरच. सगळं पाहून, समजून तिनं उडी घेतली होती. म्हणजे माझ्या झाकण्यानं काही घडलं नव्हतं, आणि माझ्या सांगण्यानं काही टळलंही नसतं. अपराध गेला, पण भीती होती तिथंच राहिली.

तिचा आवाज अगदी बारीक झाला होता. "त्या पायरीवरनं त्याला न्यायला कुणीच येत न्हाय, आण्णा. तुमी येता का?"

हे मी लोहाऱ्याच्या स्टँडवर बसून लिहितो आहे. मुंबईची एसटी लागायला अजून वेळ आहे. सुनंदाला सांगून ठेवलंय, आहेस तिथून हलू नकोस, मी निघालोय.