कोरी नळी

प्रयोगशाळेत तिला सगळे कोरीबाई म्हणत. हे नाव काही कौतुकाने पडले नव्हते, तिच्या कटकटीमुळे पडले होते. लहान मुलांच्या रक्तात शिसे आहे का, हे तपासायचे तिचे काम. रक्ताचा थेंब पाण्यात पातळ करायचा, त्यात रसायन घालायचे आणि नळी जांभळ्या दिव्याखाली पाहायची. शिसे भेटले की ते रसायन हिरवे चमकते, नसले तर काळोख. पण प्रत्येक खेपेला पहिली नळी कोरी, म्हणजे रक्ताविना, नुसते पाणी आणि रसायन. ती काळी राहिली तरच बाकीच्यांवर विश्वास ठेवायचा. “कोरी लावली का?” विचारून विचारून तिने सगळ्यांचे डोके उठवले होते.

आणि त्या दिवशी तिनेच कोरी लावली नाही.

नळ्यांचा स्टँड भरला होता आणि एक नळी जास्तीची होती, तिच्या मुलाची. पोर कितीतरी दिवस पोट दुखतंय म्हणून कुरकुरत होते, भरल्या ताटावरून उठत होते. नवरा घरातच गाड्यांच्या जुन्या, शिशाच्या बॅटऱ्या खोलून दुरुस्त करायचा आणि पोर सारखे त्याच्या पायात. तिच्या मनात शंकेची पाल चुकचुकली ती चुकचुकलीच. साहेबांना विचारून तिने त्याचे रक्त आणले आणि कोरीच्या जागी ठेवले. एकदाच तर, असे स्वतःला समजावले.

दिवा लावला. पहिलीच नळी हिरवीगार.

पुढच्या नळ्यांकडे तिने पाहिलेसुद्धा नाही. दिवा बंद करून ती जिन्यात गेली आणि नवऱ्याला फोन लावला.

“त्या बॅटऱ्या आधी घराबाहेर काढा! पोराच्या अंगात विष घातलंत तुम्ही!”

पलीकडून बराच वेळ आवाज आला नाही. मग त्याने एवढेच विचारले, “बरा होईल ना गं तो?”

तिने फोन ठेवला.

परत आली तर शेजारच्या टेबलावर काम करणारी ताई तिचा दिवा लावून उभी होती. “अगं, सगळ्याच नळ्या हिरव्या! आज सगळ्या पोरांनी ठरवून शिसं खाल्लं की काय? आणि तुझी कोरी कुठाय?”

सगळ्याच हिरव्या, म्हणजे पाण्यातच काहीतरी होते. मग तिला आठवले. सकाळी प्रयोगशाळेचा कोट घालूनच घरून निघताना दारातली बॅटरी तिने बाजूला सरकवली होती. बाहीवर अजून काळपट डाग होता, आणि हीच बाही पाण्याच्या बाटलीच्या तोंडाला लागली असणार. शिसे शोधणारीनेच शिसे आणून ओतले होते. तिला स्वतःचा भयंकर राग आला.

ताईने तिला नवा कोट दिला, नवे पाणी काढले. उरलेल्या रक्तावर सगळे पहिल्यापासून. या खेपेला मुलासाठी वेगळा स्टँड घेतला आणि दोन्ही स्टँडांत कोरी पहिली लावली. मग दिवा लावला.

कोरी काळी. मुलाची नळीही काळी.

तिचा जीव भांड्यात पडला. रडत रडतच तिने नवऱ्याला सांगितले, “काही नाही हो त्याच्या रक्तात. चूक माझी होती.”

“बॅटऱ्या तर देऊन टाकल्या सगळ्या,” तो म्हणाला. “मघापासून त्याला मांडीवर घेऊन बसलोय.”

“बरं केलंत. परत आणू नका.”

डोळे पुसून ती दुसऱ्या स्टँडकडे वळली. त्यात मधली, एका मुलीची नळी अजून हिरवी होती. तिने ती पुन्हा लावली, पुन्हा हिरवी. कोरी काळीच. आता शंकेला जागा नव्हती.

मुलीच्या घरी कळवायचे कामही तिचेच. एरवी तिचे वाक्य ठरलेले असे: अहवाल तयार आहे, डॉक्टरांना भेटा. तिने नंबर फिरवला. प्रयोगशाळेचे नाव ऐकताच पलीकडची आई गप्प झाली. ती शांतता तिला ओळखीची वाटली. ठरलेले वाक्य तिच्या तोंडून निघेना.

“लेक जवळ आहे ना तुमच्या?” ती म्हणाली. “आधी तिला मांडीवर घ्या. मग सांगते.”