राक्षसाचं तोंड

"उभा राहा रे तिकडे, खिडकीपाशी. दात दाखव," मालक म्हणाले.

मी चित्रकथांच्या मासिकाचा संपादक. पेणमध्ये, गणपतीच्या एका कारखान्याच्या माडीवर आमचं ऑफिस. गोष्ट मीच लिहिलेली. खाडीतला राक्षस बांध फोडतो, शेतात खारं पाणी घुसवतो, राजपुत्र त्याला मारतो. चित्रकाराला राक्षस काही जमत नव्हता. मालक त्याला 'आपण' म्हणायचे, मला 'अरे'. ते त्याला म्हणाले, "राक्षस बाहेर कशाला शोधताय? आपल्याकडे पगारी आहे."

सगळे हसले. मीही हसलो. नाहीतरी दात दाखवायचेच होते. राजपुत्राला तोंड मिळालं मालकांच्या मुलाचं. गोरं, गुबगुबीत.

अंक निघाला. रोह्याच्या एका शाळेने मला बोलावलं. इस्त्रीचा शर्ट घालून गेलो. वर्गात पाऊल टाकलं आणि पहिल्या बाकावरची मुलगी अंक उंच धरून ओरडली, "राक्षस आला!" वर्गभर हशा. गुरुजी तिला दटावत होते, पण ओठ दाबून. मी गोष्ट सांगितली, नारळ घेतला आणि निघालो. एसटीत खिडकीकडे तोंड करून बसलो. वडखळला उतरून घरी गेलो.

बाप अंगणात बसला होता. जन्मभर मिठागरात राबलेला, उन्हाने करपलेला. अक्षर वाचता यायचं नाही. माझा तोंडवळा त्याच्यावर गेलाय. त्याने मुखपृष्ठ बराच वेळ बघितलं.

"हा त मी हाय," तो म्हणाला. जरा खूशच झाला. मग त्याचं बोट राजपुत्राच्या तलवारीवर थांबलं. "मी या पोराचा काय वाकडा केला? मना मारतो कशाला?"

उधाणात बांध फुटला की कमरेभर चिखलात उभा राहून तो बुजवणारा हा माणूस. आणि चित्रात बांध फोडत होता तोच. मला लाज वाटली. मग राग आला. तो अजून गेलेला नाही.

पुढच्या अंकासाठी बापाची गोष्ट लिहिली. बांध फुटतो, एक काळा माणूस चिखलात उतरतो, गाव वाचतं. मालकांनी पानं बाजूला सारली. "याला गोरा कर. असलं तोंड मुखपृष्ठावर खपत नाही."

"राक्षसाचं खपलं की," मी म्हणालो. "रंग बदलणार नाही."

"मग उद्यापासून दुसरीकडे बघ."

चित्रकाराने मान वर केली नाही. कोणीच केली नाही. पानं काखेत मारून एकटाच जिना उतरलो.

आता रोह्यात एका खोलीत मी मासिक काढतो. लिहितो मी, रंगवतो मी, गठ्ठे एसटीत चढवतो मी. बाप गेला. जेवताना बोलायला माणूस नाही. कित्येक दिवस स्वतःचा आवाजही कानावर पडत नाही. एकटं वाटतं. फार वाटतं.

मध्यंतरी मालकांचा निरोप आला. झालं गेलं गंगेला मिळालं, परत ये, फक्त रंगाचं तेवढं बघ. मी नाही म्हणून कळवलं. माझ्या मुखपृष्ठावर बापच राहील. त्याच्याच तोंडाचा, त्याच्याच रंगाचा, कमरेभर चिखलात. तलवार घेऊन कोणी राजपुत्र आलाच, तर त्याला आधी त्या चिखलात उतरावं लागेल.