पिवळी चौकट

ड्रॉवरमधला जुना फोन आज चार्ज केला. त्याच्या कडेला अजून कुंकू आहे.

हा फोन बाजारात आला त्या सकाळी मी दुकानाबाहेरच्या रांगेत उभा राहायला निघालो, तेव्हा वडील म्हणाले, "आज थांब रे, बरं वाटत नाही."

"अण्णा, दुपारी येतोच."

आलो. आधी फोनला हळदकुंकू लावलं, मग त्यांच्या खोलीत गेलो. ते खुर्चीतच गेले होते.

ऑफिसात फोनचं फार कौतुक झालं. कॅमेरा चेहऱ्याभोवती पिवळी चौकट काढायचा आणि माणूस हसला की आपोआप फोटो घ्यायचा. हसण्याची वाट पाहणारं यंत्र तेव्हा सगळ्यांना गमतीचं वाटलं.

आज तो अण्णांच्या रिकाम्या खुर्चीकडे धरला. त्यांचं डोकं टेकायचं तिथे चौकट उमटली.

"अण्णा, चुकलं माझं," मी म्हणालो.

चौकट तशीच राहिली. फोटो निघाला नाही.