दहातले किती?

दोन्ही हातांची दहा बोटं तोंडासमोर पसरायची, भुवया वर करायच्या आणि विचारायचं, "दहातले किती?" आमच्या भुलीच्या डॉक्टरांची ही सवय होती. कळा देणाऱ्या बाईला दुखणं दहापैकी किती हे विचारणं त्यांचं कामच होतं. पण दाढ सुजलेल्या एस.टी. कंडक्टरलाही ते तेच विचारत. एकदा भर बाजारात एक गृहस्थ त्यांना घरातली भांडणं ऐकवत होते. डॉक्टरांनी भाजीची पिशवी खाली ठेवली आणि दहा बोटं वर केली. गृहस्थांनी जरा विचार केला आणि म्हणाले, "सहा. सून माहेराक गेली काय चार."

मी सिस्टर. मालवणच्या बाजूला एका खाजगी बाळंतपणाच्या हॉस्पिटलात माझी हयात गेली. हे डॉक्टर आमच्याकडे बोलावल्यावर येत. जाडजूड, सावळे, गळ्यात बारीक क्रॉस, स्कूटरच्या पुढ्यात औषधांची पत्र्याची पेटी. घराणं ख्रिस्ती, अर्धे नातेवाईक गोव्यात, बोलणं मात्र चोख मालवणी.

भुलीच्या डॉक्टरची किंमत आपल्याकडे काय असते, तुम्हीही पाहिलंच असेल. बाळ झालं की पेढे बाळंतपण करणाऱ्या आमच्या मॅडमना, नारळ देवाला, आणि भुलीचे डॉक्टर पेटी उचलून निघाले की नातेवाईक एकमेकांना विचारणार, "ह्ये कोण ओ?"

मग त्यांनी पाठीतली सुई सुरू केली. म्हणजे एपिड्युरल. कण्याजवळ एक बारीक नळी सरकवून ठेवायची आणि तिच्यातून थोडं थोडं औषध द्यायचं. कंबरेखालची कळ बोथट होते. बाई जागी असते, बोलते, वेळ आली की जोरही लावते. सिझेरियन करायची पाळी आलीच, तर त्याच नळीतून औषध वाढवून भागतं. मॅडमनी लगेच दारावर बोर्ड लावला, 'येथे वेदनारहित प्रसूती केली जाते.' डॉक्टरांनी तो वाचला आणि म्हणाले, "मॅडम, 'रहित' काढा. 'कमी' लिवा." मॅडमनी अर्थातच काढला नाही.

सुई एकीच्या पाठीत आणि कळ साऱ्या गावाला, असं सुरू झालं. एका पुढाऱ्यांची सून कळा देत होती. पुढारी बाहेरच्या बाकावरून गरजले, "आमच्या घराण्यात सुयो घेवची पद्धत नाय." डॉक्टरांनी शांतपणे विचारलं, "दाढ काढलास तेव्हा घराणा खंय गेल्ला?" मागच्याच आठवड्यात त्यांच्या हिरडीत तीन इंजेक्शनं गेली होती आणि दाताचा डॉक्टर आमच्या डॉक्टरांचा मित्र होता. पुढारी पान थुंकायला बाहेर गेले. तेवढ्यात सुनेने सही केली. "जिची पाठ, तिची सही," हे डॉक्टरांचं दुसरं वाक्य.

तालुक्यातली प्रत्येक दुखरी कंबर त्यांच्या नावावर जमा होऊ लागली. एक म्हातारी मासेवाली भर रस्त्यात त्यांची स्कूटर अडवून म्हणाली, "तुमच्या त्या सुयेन माजी पाठ गेली."

"गो बाय, तुका सुई कधी दिलंय मी?"

"माका नाय, माज्या सुनेक. सुनेक दिलास आणि ती काय उचलूक तयार नाय. सगळा पाणी माका भरूचा लागता!"

यावर वैद्यकशास्त्रात उत्तर नाही. सुई टोचली तिथे दोन दिवस दुखेल, पण जन्माची कंबरदुखी त्या सुईने होत नाही, हे त्यांनी मला शंभरदा समजावलं होतं. त्या दिवशी मात्र त्यांनी तिच्याकडून गुपचूप पाव किलो सुंगटं, म्हणजे कोळंबी, विकत घेतली.

त्यांना खरा त्रास व्हायचा तो सहीचा. फायदे-तोटे लिहिलेला कागद ते वाचून दाखवायचे. नातेवाईक छताकडे बघायचे. एक म्हातारा एकदा म्हणाला, "डॉक्टरानु, सही खंय करूची ता सांगा, बाकीचा आमका नको." त्यावर डॉक्टर आठवडाभर अस्वस्थ होते. आपली माणसं एकेक वाक्य कान देऊन कुठे ऐकतात? आणि प्रत्येक वाक्याला तोंडाने होकार कुठे देतात? देवळात, गावचा मानकरी गावकर देवापुढे गाऱ्हाणं घालतो तेव्हा. लहानपणापासून ते गावच्या जत्रेला जाऊन कठड्याबाहेरून ऐकत आलेले. पुढच्या वेळी त्यांनी नातेवाईकांना ओळीत उभं केलं, हात जोडले आणि म्हणाले, "देवाचा नाव तुमी मनात घेवा. बाकीचा मी सांगतंय."

आणि खणखणीत आवाजात सुरुवात केली.

"ह्या लेकराच्या पाठीत बारीक नळी घालतंय, तिची कळ कमी होवची म्हणान, रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" इतक्या वर्षांची सवय. तोंडं आपोआप उघडली.

"बीपी खाली येयत, अंग थरथरात, खाज येयत, पाय जड होतीत, तर आरडाओरड करूची नाय, रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"कदी एकाच बाजूक लागात आणि दुसरी बाजू दुखतच ऱ्हवात, मगे नळी परत घालूची लागात, रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"पोर भायर येवक वेळ लागात, कदी चिमटो लावचो लागात. क्वचित कोणाची नस दुखावता, क्वचित जंतू जातत. ता लय कमी, पण मी लपवणंय नाय, रे म्हाराजा!"

इथे 'व्हय' जरा बारीक आवाजात यायचं. म्हणजे ऐकलं गेलं होतं. मॅडम केबिनमधून चिडून म्हणायच्या, "अहो, तुम्ही सुई द्यायला आलात की पेशंट पळवून लावायला?" पळालं कोणीच नाही. उलट ज्या सुनांना सुई नको होती त्यांच्या सासवाही गाऱ्हाणं ऐकायला थांबू लागल्या.

एकदा त्यांचा हात चुकला. सुई केसभर जास्त आत गेली आणि कण्यातल्या पाण्याभोवतीच्या पडद्याला भोक पडलं. खाडीपलीकडची एक सून होती. बाळंतपण सुरेख झालं, पण दुसऱ्या दिवशी उठून बसली की डोकं फुटायला यायचं, आडवी झाली की थांबायचं. मॅडम म्हणाल्या, जागरणाचं आहे असं सांगा. डॉक्टर सरळ तिच्या खाटेजवळ गेले आणि म्हणाले, "बाय, ही माझी चूक." मग रोज जाऊन तिला तपासत होते, घरी गेल्यावरही. शेवटी तिला परत आणून तिच्याच हातातलं रक्त काढलं आणि ते भोक बुजायला पाठीत त्याच जागी दिलं. तिची सासू म्हणाली, "हयचा रगात काढून थय घातल्यानी, ह्या कसला औषध?" पण त्या औषधाने डोकं थांबलं. तेव्हापासून गाऱ्हाण्यात एक ओळ वाढली. "ह्याच हातान एका लेकीचा डोक्या पाच दिस दुखला, ताय सांगून ठेवतंय, रे म्हाराजा!" स्वतःची चूक अशी मोठ्याने सांगणारा डॉक्टर मी तरी दुसरा पाहिला नाही.

एका मुलीला त्यांनी सुई नाकारली. तिच्या रक्तात गुठळी धरणाऱ्या पेशी कमी होत्या, त्यात पाठीत सुई घालणं धोक्याचं. सकाळपासून 'नको, नको' म्हणणारे तिचे सगळे नातेवाईक एका सुरात भडकले, "आमकाच कशाक नाय?"

आता माझं सांगते. इतका वेळ मी दुसऱ्यांना हसले, पण सगळ्यात मोठा अडथळा मीच होते. आमच्या पिढीने बाळंतपणं दात आवळून केली. मी ओरडले नाही, याचं माझ्या सासूने गावभर कौतुक केलं होतं आणि ते कौतुक मी दागिन्यासारखं जपलं होतं. तेव्हा कोणी मुलगी "सुई दिया" म्हणाली की मी तिचा हात थोपटायचे आणि म्हणायचे, "उशीर झालो गो बाय. आता देनत नाय." खरं तर उशीर झालेला नसायचा. बाळ अगदी तोंडाशी येईपर्यंत सुई देता येते, हे मला चांगलं ठाऊक होतं. मी फोनच करायचे नाही. किती जणींना मी असं सांगितलं, ते आता आठवू नये असं वाटतं.

मग माझी एकुलती एक मुलगी बाळंतपणाला आली. ती ओरोसला सरकारी कचेरीत नोकरी करते, स्वतःचं स्वतः ठरवते. आठव्या महिन्यातच तिने गाऱ्हाणं ऐकून सही करून ठेवली होती. कळा सकाळी सुरू झाल्या. नऊ वाजता ती म्हणाली, "आई, डॉक्टरांक फोन कर."

"केलंय गो. येतत."

मी फोन केला नव्हता. पोटच्या मुलीला मी तेच सांगितलं जे परक्या मुलींना सांगत आले. मला वाटत होतं, अजून थोडं सोसेल, मग होऊनच जाईल, मग तीही माझ्यासारखं सांगेल, 'मी ओरडले नाही.' दहा वाजता तिने माझ्याकडे पाहिलं आणि नवऱ्याच्या हातातला फोन घेऊन स्वतः नंबर लावला.

डॉक्टर वीस मिनिटांत आले, हेल्मेटसकट आत शिरले. नातेवाईक म्हणून जावई आणि मी उभे राहिलो. गाऱ्हाणं सुरू झालं. जावई हौसेने ओरडत होता. डॉक्टर मध्येच थांबले.

"सिस्टर, तुमचो आवाज येवक नाय."

"व्हय म्हाराजा," मी म्हणाले.

मग त्यांनी तिला बसवलं. "सुंगटासारखी वळ गो बाय. पाठ भायर काढ. आता हलू नको." माझी मुलगी माझ्या खांद्यावर डोकं ठेवून वाकली. तिचा घाम माझ्या गणवेशात उतरत होता. वीस-पंचवीस मिनिटांनी ती मागे टेकली, कपाळ मोकळं झालं आणि तिने मला विचारलं, "आई, तू जेवलंस?"

कळा देणारी मुलगी आईला जेवलीस का विचारते! मी बाहेर येऊन रडले. आनंदाने रडले असं लिहिलं असतं तर शोभलं असतं, पण खरं सांगते, मला तिचा हेवा वाटला. आणि माझी लाज वाटली.

तिचं बीपी लिहून डॉक्टर बाहेर आले, बाकावर शेजारी बसले. मग दोन्ही हात वर केले.

"सिस्टर, तुमच्या वेळेक किती?"

"किती म्हंजे?"

"दहातले."

सत्तावीस वर्षं झाली होती. मुलगा की मुलगी ते लोकांनी विचारलं होतं, वजन विचारलं होतं, टाके विचारले होते. हे कोणीच विचारलं नव्हतं.

"दहा," मी म्हणाले.

ते हसले नाहीत. मान खाली घालून हळूच म्हणाले, "व्हय म्हाराजा."

त्यानंतर दोन वर्षं एकीलाही मी उशीर झाल्याचं सांगितलं नाही. 'सुई' म्हटलं की माझं बोट फोनवर. डॉक्टर चिडवायचे, "सिस्टर, जरा दम धरा. तिच्या पायात गोळो इलो हा, कळो नाय."

गेल्या मे महिन्यात ते झोपेत गेले. गावाने लगेच विनोद केला, भुलीचो डॉक्टर भुलीतच गेलो. मी तो दहा ठिकाणी ऐकला आणि एकदाही हसू आलं नाही. चर्चच्या आवारात मोजकी माणसं होती आणि पोरं कडेवर घेतलेल्या पुष्कळ बायका होत्या. पेढे मात्र याही वेळी कोणी आणले नव्हते.

आता सिझेरियनला बाहेरून दुसरे डॉक्टर येतात. पाठीतल्या सुईसाठी चार-चार तास बसायला त्यांना वेळ नाही, त्यांचंही चुकत नाही. मॅडमनी बोर्ड काढलेला नाही. त्याच बोर्डाचा फोटो बघून परवा लांबच्या रेडी गावाहून एक मुलगी आली. पहिलं बाळंतपण, दुपारची वेळ, कळा चढलेल्या.

"सिस्टर, सुईवाले डॉक्टर येतले मा?"

"उशीर झालो गो बाय," मी म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदाच हे मी खरं बोलत होते.

तिला ते कळलं नाही. ती दाराकडे बघत राहिली. मग मी दोन्ही हात वर केले, दहा बोटं पसरली आणि विचारलं, "दहातले किती?"

पुढची कळ आली आणि तिने माझी दहाच्या दहा बोटं घट्ट धरली.